दस्तीखालचा भाव

मी आबांचं एक बोट धरलं, तळव्यावर अंगठा दाबला आणि मग दोन बोटं धरली. बारा. वरून आबांची खांद्यावरची दस्ती पांघरलेली होती, त्यामुळं आमचे हात कुणाला दिसत नव्हते. तसं बघणारं कुणी नव्हतंच. माय चुलीपाशी होती आणि ओसरीवर आम्ही दोघंच. आबा बाजेवर पडून वरच्या पत्र्याकडं बघत होते. त्यांचे डोळे जरा बारीक झाले, म्हणजे आकडा पोचला. मग मी पाची बोटं धरली आणि लगेच आणखी दोन. सात.

आबांनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं माझ्या तळहातावर दोनदा दाबलं. मंजूर.

सकाळचे नऊ वाजून तेहतीस मिनिटं झाली होती. मी चारशे बाराला एका सिमेंट कंपनीचे शंभर शेअर घेतले होते आणि चारशे सातला स्टॉपलॉस लावला होता, म्हणजे भाव तिथवर पडला की मुकाट्यानं विकून बाहेर. पाचशे रुपयांच्या वर नुकसान नाही. चारशे आमच्यात धरलेलेच होते, हातात द्यायचे ते फक्त वरचे आकडे.

घरात वेडाची साथ आली आहे असं कुणाला वाटेल, म्हणून जरा मागचं सांगते.

माझे वडील सोनाजी चाळीस वर्षं आखाडा बाळापूरच्या बैलबाजारात दलाल होते. बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. तोंडानं फक्त तमाशा होतो. "ह्या किमतीत शेपूट बी येत न्हाई" म्हणून तरातरा उठून जायचं, चार पावलांवर उगाच चप्पल झटकत उभं राहायचं, हे सगळं चालतं. खरा भाव दोन दलाल हातात हात घालून ठरवतात, बोटं धरून, आणि वरून खांद्यावरची दस्ती टाकतात, म्हणजे भोवतीच्या गर्दीला कळू नये. तोंडानं काहीही बोला, दस्तीखाली खोटं बोलायचं नाही. आबांचा एवढा एकच कायदा होता. बाकी ते बिडी ओढायचे, मायशी भांडायचे, आणि म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून त्याला जवान करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

मी त्यांची मुलगी कोमल. बी.कॉम., वय एकोणतीस, लग्न नाही, आणि त्याची काळजी माझ्याहून गावाला जास्त. नांदेडची नोकरी सुटली तशी मी घरी आले. बारानंतर सेतू केंद्रावर लोकांचे दाखले काढून देते आणि सकाळी शेअर बाजारात इंट्राडे करते, म्हणजे आज घेतलेलं आजच विकायचं. माझी पद्धत साधी. सव्वानऊला बाजार उघडला की पहिली पंधरा मिनिटं हात बांधून बसायचं. त्या पंधरा मिनिटांत शेअर वर कुठवर गेला आणि खाली कुठवर आला, त्या दोन रेषा मारायच्या. वरची रेषा फोडून भाव बाहेर पडला की घ्यायचं. ह्याला ब्रेकआउट म्हणतात.

आबा धडधाकट होते तेव्हा त्यांनी हे बघून विचारलं होतं, "ह्याच्यात बैल कुठंय गं?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. "म्हंजे बाजारच की. मंग एक ध्यानात धर. एखाद्या बैलाभवती एकाएकी गर्दी झाली ना, तर दोन-चार गिऱ्हाइकं दलालानंच उभी केलेली असतेत. नुसतं वरडून राहिलेत का पैसे बी काढून राहिलेत, ते बघायचं."

यूट्यूबवरच्या साहेबांनी तीन तास घेऊन मला व्हॉल्यूम, म्हणजे प्रत्यक्ष खरेदी-विक्री किती झाली ते, शिकवला होता. आबांनी बिडी संपायच्या आत शिकवला.

घेण्याचं मला बरं जमायचं. खोट होती ती सोडण्यात. भाव स्टॉपलॉसजवळ आला की माझं बोट आपोआप तो स्टॉपलॉस आणखी खाली सरकवायचं. आता फिरेल, आता फिरेल. फिरायचा नाही. दहा दिवस चिमणीनं दाणे टिपावेत तसं कमवायचं आणि एका दिवसात सगळं उधळून मोकळं व्हायचं, असं दीड वर्ष चाललं.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. चाळीस वर्षं बाजार डोक्यावर घेणारा माणूस घशातून नुसता 'अं अं' करायला लागला. समजायचं सगळं. सांगता काही यायचं नाही, आणि मग चिडून ते डाव्या हातानं वाटी भिरकावायचे. मायनं दोन वाट्या चेपलेल्या ठेवून दिल्यात अजून.

आणि मग एका बाजाराच्या दिवशी किशनराव आले.

किशनराव म्हणजे आबांच्या जोडीचे दलाल, पण नऊ वर्षं आबांनी त्यांच्याशी सौदा केला नव्हता. डोंगरकड्याच्या एका शेतकऱ्याची जोडी विकताना गिऱ्हाइकानं किशनरावांच्या हातात बासष्ट हजार दिले होते, आणि किशनरावांनी दस्तीखाली आबांच्या हातात अठ्ठावन्न ठेवले. मधले चार आपल्या खिशात. आठ दिवसांनी बोभाटा झाला. तेव्हापासून आबा त्यांच्याशी चहा प्यायचे, बोलायचे, पण हात द्यायचे नाहीत.

त्या दिवशी किशनराव बाजेच्या कडेला बसले. मायनं चहा ठेवला.

"वळखलं का सोनाजी?"

"अं."

"लई तकलीफ होऊन राहिली का?"

आबांनी तोंड फिरवलं. किशनरावांनी खांद्यावरची दस्ती काढली, आबांच्या डाव्या हातावर टाकली आणि खाली आपला हात घातला. "दारात तो खिल्लारी बांधलाय माहा. बघ बरं, काय यील त्याचं?"

आबांनी मान वळवली. अंगणातल्या बैलाकडं चांगलं मिनिटभर बघितलं. दस्ती हलली. किशनराव एकदम ओरडले, "आशाबाई! अवो, एक्केचाळीस म्हणून राहिला! कालच्याला बेचाळीसला मागितला एकानं!"

माय दारात उभी राहून तोंडाला पदर लावून रडत होती. आबा अर्ध्या तोंडानं हसत होते. आमच्या घरात पाच महिन्यांनी कुणीतरी बोललं होतं.

बोटांची ती भाषा मी किशनरावांकडून आठवड्यात शिकले. पुढं घरातले शब्दही तिच्यात बसवले. एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे कुशीवर वळवा, तीन म्हणजे मायला बोलव. आणि मोबाइलला रेंज आबांच्या बाजेपाशीच येत असल्यामुळं माझा बाजारही तिथंच भरायचा, म्हणून एक दिवस गंमत म्हणून मी घेतल्याचा भाव त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकदा दाबलं. एकदा दाबणं म्हणजे 'किती?'. किती सोसणार? मी स्टॉपलॉस दिला. मंजूर.

हातात दिलेला आकडा मला सरकवता येईना. दीड वर्षात कुठल्या व्हिडिओनं जे झालं नाही ते आबांच्या एका अंगठ्यानं झालं. तीन महिने मी स्टॉपलॉसला बोट लावलं नाही. फार कमावलं असं नाही, पण पहिल्यांदाच माझे पाय जमिनीला लागले होते. आणि आबांना काम मिळालं होतं. नऊच्या सुमारास ते मायकडून दाढी करून घ्यायचे, धुतलेला सदरा घालायला लावायचे. बाजाराला निघाल्यासारखे.

तर तो सिमेंटचा दिवस. त्याआधी सलग चार दिवस माझे चारही सौदे स्टॉपलॉसला कापले गेले होते. ह्यात नवल काही नसतं, असे दिवस येतात. मी रोज आबांच्या हातात खरं नुकसान दिलं आणि रोज मला वाटलं की त्यांचा चेहरा आणखी थोडा उतरला. पाचव्या दिवशी सकाळी आबा भिंतीला टेकून स्वतः बसले. कप डाव्या हातात धरून चहा प्याले, एक थेंब न सांडता. मायनं दृष्ट काढली. आज ह्यांच्या हातात नुकसान ठेवायचं नाही, असं मी चहा पितानाच ठरवून टाकलं होतं. बाजारात उतरायच्या आधी असं काही ठरवणं ह्याहून मोठा गाढवपणा नाही.

ब्रेकआउट पोकळ होता. भावानं रेषा फोडली, पण व्हॉल्यूमच्या पट्ट्या बुटक्या. नुसती ओरडणारी गर्दी, पैसे काढणारं कुणी नाही. मला ते दिसत होतं. तरी घेतलं.

भाव साडेतेरापर्यंत गेला आणि माघारी वळला. दहा वाजता चारशे आठ. सव्वादहाला चारशे सात रुपये वीस पैसे. माझं बोट गेलं आणि स्टॉपलॉस चारशे चारला सरकला. मग चारशे एकला. मग मी तो काढूनच टाकला.

अकराच्या सुमारास दस्तीखाली आबांनी एकदा दाबलं. किती?

भाव चारशे तीन होता. मी पाच बोटं धरली आणि वर चार. नऊ.

त्यांनी दोनदा दाबलं. बरं चाललंय. ते डोळे मिटून पडले.

मी सेतू केंद्रावर फोन करून पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुपारभर तिथंच बसले. दर अर्ध्या तासानं आबा विचारायचे आणि दर वेळी मी एखादा बरा आकडा द्यायची. एकदा दहा, एकदा परत नऊ, उगाच खरं वाटावं म्हणून. सव्वातीनला ॲपनं आपोआप सौदा कापला. तीनशे शहाण्णव. शेअरमागं सोळा रुपये. सोळाशेचं मला एवढं वाटत नव्हतं; भीती होती ती आता आबा विचारतील ह्याची. आबा जागे होते. त्यांनी विचारलं.

मी एक बोट धरलं, दाबलं, परत एक बोट धरलं. अकरा. फक्त रुपयाचं नुकसान.

आबांनी मंजूर केलं नाही, नामंजूरही केलं नाही. त्यांची बोटं माझ्या तळहातावरून हळूहळू फिरली, मनगटापर्यंत गेली, परत आली. माझा हात घामानं थबथबला होता. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्यानं लोकांचे हात वाचले, त्याच्या हातात मी तो ओला हात देऊन बसले होते.

त्यांनी हात काढून घेतला. मग दस्ती ओढली, एकट्या डाव्या हातानं तिची वाकडीतिकडी घडी केली, उशाला ठेवली आणि भिंतीकडं तोंड केलं.

संध्याकाळी मायनं विचारलं, "काय झालं गं? काहून असे करून राहिले?"

मी सगळं सांगितलं. माय पीठ मळत होती, ती थांबली. रागावली नाही. नुसती म्हणाली, "किशनरावायला नऊ वर्सं लागली, पोरी. ह्यांच्यापाशी नऊ वर्सं हाईत का आता?"

मला भयंकर रडू आलं. आपण किती मोठी चूक केली ते त्या वेळी कळलं. त्यांच्याशी बोलायची एकच वाट उरली होती, आणि तीच मी बुजवली होती.

दुसऱ्या दिवशी मी दस्ती पांघरून हात घातला. आबांचा हात तसाच पडून राहिला, लाकडासारखा. मायचा हात ते धरायचे. तिला एक, दोन सांगायचे, पाणी मागायचे. माझ्याकडं मागायचे नाहीत. एकदा माय नदीवर गेली होती, त्यांचे ओठ कोरडे पडले होते, मला दिसत होतं. मी हात पुढं केला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी पेला तोंडाला लावला तेव्हा प्याले मात्र. असे दहा दिवस गेले. ह्या दिवसांत मी एकही सौदा केला नाही.

बाजाराच्या दिवशी मी किशनरावांना गाठलं. आता बाजारात बैलांपेक्षा दलाल जास्त. ते चहाच्या गाड्यापाशी रिकामेच बसले होते. मी विचारलं, "काका, तुमी काय केलं होतं? आबांनी हात कसा दिला परत?"

"म्या? काय बी न्हाई. दर बाजाराला त्याच्याफुडं हात धरायचो, तो बघायचा अन् जायचा." ते चहात बघत राहिले. "ते चार हजार मातर म्या त्या शेतकऱ्याला दुसऱ्याच वर्सी नेऊन दिले. सोनाजीला हे सांगितलंच न्हाई. लाज वाटली. सांगाया पायजे होतं, त्याच्यात आठ वर्सं गेली."

मी उठले तसे ते म्हणाले, "अन् हे बघ, नफा झाला म्हणून त्याच्याम्होरं जाऊ नको. तसं तर समदेच येतेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बाजेपाशी बसले. एका पंप बनवणाऱ्या कंपनीचा शेअर पाहून ठेवला होता. पंधरा मिनिटांची वरची रेषा फुटली आणि ह्या वेळी व्हॉल्यूमची पट्टी मागच्या सगळ्या पट्ट्यांच्या डोक्यावरून गेली. भाव परत रेषेपर्यंत खाली आला, तिथं टेकला आणि उठला. मनासारखं सगळं. दोनशे अडुसष्टला शंभर घेतले. स्टॉपलॉस दोनशे त्रेसष्ट. आबांचा हात मी मागितला नाही. फोन बाजेच्या कडेला टेकवून ठेवला आणि त्यांच्या पायांना तेल चोळत बसले.

भाव एक्काहत्तरला गेला आणि एकदम खाली आला. दोनशे पासष्ट. चौसष्ट. बोट शिवशिवत होतं, खोटं कशाला सांगू. मी दोन्ही हात तेलात माखून ठेवले होते. दहा वीसला फोन थरथरला. स्टॉपलॉस लागला, सौदा कापला गेला. आणि मग, जसं नेहमी होतं तसं, भाव तिथूनच फिरला आणि अर्ध्या तासात पंच्याहत्तरला पोचला. सरकवला असता तर नफ्यात असते. हा बाजार माणसाची अशी थट्टा करतो की हसूही येतं.

मी हात पुसले. उशाची दस्ती घेतली, आबांच्या हातावर पांघरली आणि खाली हात घातला. त्यांचा हात थंड होता. मी आधी त्या दिवसाचं नुकसान दिलं. एक बोट, दाब, पाच बोटं, वर एक. सोळा. "अकराचा भाव खोटा होता आबा," मी तोंडानंही म्हटलं, "तीनशे शहाण्णवला गेला. दिवसभर मी तुमाला खोटं सांगितलं." मग आजचं दिलं. पाची बोटं धरली. पाचाचं नुकसान. आणि हात तसाच ठेवला.

आबा पत्र्याकडं बघत होते. अंगणात कोंबड्या उकरत होत्या.

मग त्यांनी हात काढून घेतला आणि दस्ती ओढून बाजूला सारली. ती बाजेवरून खाली पडली. मला वाटलं, संपलं. मी उठायला लागले.

आबांनी माझं मनगट पकडलं आणि खाली बसवलं. भर उजेडात, उघड्यावर, त्यांनी माझा हात हातात घेतला. असा दस्तीवाचून त्यांनी तो चौथीच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेला नेताना धरला होता, त्यानंतर कधीही नाही. आमच्याकडं बाप मोठ्या झालेल्या पोरीचा हात धरत नाही. माय चहा घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली.

मी सवयीनं आकडा शोधायला लागले. एक होता का, पाच होता का, दोनदा दाबतायत का. बोटं सगळीच्या सगळी माझ्या हाताभोवती होती आणि हलत नव्हती. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की ह्यात आकडा नाहीच. आबांनी नुसता माझा हात धरला होता.